दोन वर्षं पुरेत तुला

जानेफळ,
११ सप्टेंबर २०२५

चि. सौ. प्रेरणा हिस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघे बरे आहोत. रोहिणखेडलाही सगळे बरे असतील असं धरून चालते.

तुझा मोबाईल बंद लागतो. चाकणहून ऋत्विक रोज कंपनीतून सुटला की लावून पाहतो, नवरा असून त्यालाही तेच. म्हणून पत्र. पोस्टात पाकीट मागितलं तर काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "काकू, रजिस्टर करायचं ना? कोर्टाचं आहे का?" सुनेला लिहिते आहे म्हटल्यावर ती माझ्याकडे पाहतच राहिली. तिला काय वाटायचं ते वाटो.

आधी घरच्या बातम्या. पावसामुळे टोमॅटोवर डाग आले, बराच माल गुरांपुढे टाकला. वांगी बरी आहेत. मेथी काढली, पण जुड्या बांधायला तू नाहीस म्हणून यांनी बांधल्या. मेहकरच्या बाजारात पोहोचेपर्यंत अर्ध्या सुटल्या. घरी येऊन मलाच ऐकवलं, "जुडी बांधनं म्हंजे खेळ हाय का? त्याले पोरीचा हात पाह्यजे." मी भाकरी वाढली.

चार दिवस जाऊन येते म्हणून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तू गेलीस. त्यानंतर गणपती आले, बसले, गेले. गौरींच्या जेवणाला सून घरात नाही म्हणून बायकांनी विचारलं. तुझ्या आईचे गुडघे दुखतात असं सांगितलं. तूही कोणी विचारलं तर तेच सांग.

प्रेरणा, नोकरी हुकली म्हणून माणूस घर सोडून बसत नाही. हिवरा आश्रमाच्या बाजूच्या त्या शाळेत जे झालं ते वाईट झालं, हे मला मान्य आहे. दोन वर्षं गच्चीवर नेटवर्क शोधत अभ्यास केलास, कार्यालयीन व्यवस्थापनाची पदविका मिळवलीस, आणि मुलाखतीत चार माणसांसमोर सांगितलं गेलं की या विद्यापीठाला ऑनलाइन शिकवायची परवानगीच नाही, हा कागद आम्हाला चालत नाही. पण त्यावर रडत राहून परवानगी येणार आहे का? तुझा प्रवेश जिथे घेतला त्या शिवमच्या सेंटरवर मी गेले होते. त्याने फलक बदलला आहे, आता दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव लावलं आहे. मला पाहून हसला आणि चहा मागवला. मी तो घेतला नाही.

कोणाचं काय चुकलं हे उगाळत बसण्यात अर्थ नाही. पुढचं पाहावं.

यांना विचारलं, काही निरोप आहे का. म्हणाले, "तिले लिव्ह, का चूक कोनाची व्हती. मंग म्हन, ये." मी म्हटलं, पत्रात सगळं मावत नाही. त्यावर त्यांनी पाकिटाकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाकीट तं मोठं आनलं दिसते." यांना उत्तर देण्यात वेळ जातो.

घटस्थापनेच्या आत ये. घट बसवायचा तो सुनेच्या हातून, अशी आपल्याकडची रीत आहे.

तुझ्या आईवडिलांना नमस्कार.

तुझी,
आई

*

जानेफळ,
२५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. प्रेरणा हिस,

आशीर्वाद. घट मीच बसवला.

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण मी त्या देवघरासमोर बसून दोनदा वाचल्या. तुझ्या बाबांनी मोबाईल कपाटात ठेवून कुलूप लावलं आहे, हे मला माहीत नव्हतं. 'दोन वर्षं मोबाईलवर घालवली, पैसे घालवले, आता शिक्षणाचं नाव काढायचं नाही' असं ते म्हणतात, हेही माहीत नव्हतं. मी तुला फोन उचलत नाही म्हणून मनातल्या मनात नावं ठेवत होते.

शेवटची ओळ तू अशी लिहिलीस: 'मी बाबांना काही सांगितलेलं नाही. तुमच्याबद्दल त्यांना फार आदर आहे.'

तू ही ओळ टोमणा म्हणून लिहिली असतीस तर मला बरं वाटलं असतं. तुझा स्वभाव तसा नाही. म्हणून आता त्या फोनबद्दल लिहायलाच हवं. गेल्या पत्रात तो विषय मी टाळला, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या बाबांचा फोन आला. त्यांना मोताळ्यात कोणीतरी सांगितलं होतं. तू परातीत कणीक मळत होतीस, मी दारात उभी होते. ते म्हणाले, "विहीनबाई, हे काय आयकून राह्यलो मी? तुमी असतानी असं कसं झालं?" तुमी असतानी. हे दोन शब्द मला झेपले नाहीत. मी म्हटलं, "आम्ही काय करणार, मोतीरामजी. तिनेच मोबाईलवर पाहून ते घेतलं. आजकालच्या मुली, मोठ्यांना विचारतात कुठे?"

परातीचा आवाज थांबला होता. फोन ठेवून मी वळले तेव्हा तू माझ्याकडे पाहत होतीस, दोन्ही हात पिठाने भरलेले. मी म्हणाले, "मीठ टाकलं का?" तू हो म्हणालीस. पोळ्या केल्यास, आम्हाला वाढल्यास, आणि सकाळी चार दिवसांसाठी म्हणून बॅग भरलीस.

मी असं का बोलले? तुझं लग्न ठरलं तेव्हा तुमच्या ओसरीवर सगळे बसले होते. तुझ्या बाबांनी हुंड्याचं बोलणं होऊच दिलं नाही. म्हणाले, "मले बाकी काई नाई पाह्यजे. सासू बी.ए. झालेली हाय, एवढं आयकलं म्हून पोरगी देऊन राह्यलो. बारावीच्या पुढं शिकवा तिले." मी सगळ्यांसमोर शब्द दिला होता. आता त्याच माणसाला काय सांगायचं, की तुमच्या मुलीचं शिक्षण या बी.ए. झालेल्या सासूनेच बुडवलं?

बुडवलं मीच. ते कसं, हे तुला सांगायची गरज नाही, तू तिथे होतीस. पण तू पाहिलंस ते खरंच तसं झालं होतं, हे माझ्याकडून लिहिलेलं तुझ्याजवळ असू दे.

आपल्याकडे सोयरीक करताना आधी कोणाचा कोण ते काढतात. आजोळ कुठलं, मावशी कुठे दिली, आत्या कोणाकडे. नातं लागलं की स्थळ निम्मं पसंत. मी तुझं विद्यापीठ तसंच निवडलं. शिवम माझ्या नणंदेचा पुतण्या, म्हणजे घरचा. सेंटरवर गेल्या गेल्या तो पाया पडला, मामी म्हणाला, नणंदेच्या शेताची आठवण काढली. टेबलावर नारळ आणि पेढ्यांचा पुडा आधीच आणून ठेवलेला. "मामी, आपल्याच घरच्या मानसाले मी वाईट काय देईन? दोन वर्षं, घरबसल्या परीक्षा, एकरकमी भरली तं फी कमी." मला वाटलं, झालं. स्थळ पाहिलं, माणूस ओळखीचा निघाला, पेढा तोंडात पडला. विद्यापीठ कुठल्या राज्यात आहे, कोणाच्या परवानगीने शिकवतं, हे विचारायला मी तिथे गेलेच नव्हते.

ते तू विचारलंस. मोबाईल माझ्यापुढे धरलास आणि हळू आवाजात म्हणालीस, "आई, परवानगी असलेल्यांच्या यादीत यांचं नाव येत नाही. तुम्ही एकदा पाहा." मी म्हटलं, चष्मा घरी राहिला. चष्मा माझ्या पिशवीत होता. वर शिवमसमोर तुला म्हटलं, "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नसतं." तू मोबाईल पर्समध्ये ठेवलास. त्यानंतर तू त्या विषयावर अक्षर काढलं नाहीस आणि मला वाटलं, पटलं वाटतं हिला.

परवा तुझ्या बाबांना फोन लावला होता. खरं सांगायचं ठरवूनच लावला. त्यांनी उचलला आणि म्हणाले, "बोला, विहीनबाई." मी विचारलं, तुरीला फुलोरा कधी येईल यंदा? ते म्हणाले, अजून वेळ हाय. मी म्हटलं, बरं, आणि ठेवला. हे बाजेवर पडून ऐकत होते. म्हणाले, "तुरीसाठी फोन लावला व्हता काय? आपल्या बांधावरच तूर हाय, तिलेच इचारलं असतं." गावात माझ्याकडे लोक अर्ज लिहून घ्यायला येतात, ग्रामसेवकाला मी तोंडावर सुनावते, आणि एक वाक्य मला बोलता आलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे. पलीकडची सुवर्णा काल आली होती. तिची वैष्णवी यंदा बारावी झाली, घरी बसून शिकायचं म्हणते. सुवर्णा म्हणाली, "काकू, शिवम म्हणे दसऱ्याले येतो प्रवेश करून द्याले. घालू का त्याच्याकडं? तुमच्या वळखीचा हाय ना?" मी म्हटलं, थांब थोडं. ती म्हणाली, "काऊन? तुमच्या प्रेरणानं तं मोबाईलवर पाहून कायतरी भलतंच घेतलं व्हतं. शिवमचं तसं नाई ना?"

म्हणजे मी तुझ्या बाबांना सांगितलेलं इथे गावातही पोहोचलं आहे, आणि ते पोहोचवणारी मीच असणार. गौरींच्या वेळी कोणाकोणाला काय बोलले, आठवत नाही. सुवर्णाला मी एवढंच म्हटलं, "पाहू." तिला आणखी चहा दिला.

तुला इकडे ये असं या वेळी लिहीत नाही.

आई

*

जानेफळ,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्रेरणा,

दसऱ्याला काय झालं ते दुसऱ्या कोणाकडून तुझ्या कानावर येण्याआधी मीच लिहिते.

सोनं द्यायला आम्ही दोघे सुवर्णाकडे गेलो. ओसरी भरलेली होती, शेजारपाजारच्या बायका, सुवर्णाची सासू रुक्मिणीबाई बाजेवर. आणि मध्ये खुर्चीवर शिवम. समोर प्लेटमध्ये चिवडा, बाजूला त्याची फाईल. मला पाहून उठला, आपट्याची पानं हातात दिली, पाया पडला.

"मामी, बरं झालं आल्या. वैष्णवीच्या मायचं तुमच्या शब्दावर अडलं हाय. तुमी एक डाव हो म्हना, मी आत्ताच नाव टाकतो."

वैष्णवी आतल्या दारात उभी होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. तू तिथे सेंटरवर उभी होतीस तशीच, असं मला वाटलं. मी खाली बसले नाही.

"सुवर्णा, याच्याकडे घालू नको," मी म्हटलं.

"काऊन, काकू?"

"याने दिलेली पदविका कुठे चालत नाही. प्रेरणाची दोन वर्षं त्यात गेली."

"पन ते तं प्रेरणानं स्वतः मोबाईलवर..."

"प्रेरणाने नाही. मी निवडलं. ती नको म्हणत होती, यादीत नाव नाही म्हणून दाखवत होती. मी तिला गप्प बसवलं. नंतर तिचं नाव मी सांगितलं."

शिवम म्हणाला, "मामी, मले बी वरूनच फसवलं ना. मी काय घरचा दुश्मन हाय का?" मी म्हटलं, "फसवलं तर फलक बदलून पुन्हा का बसलास?" त्याने फाईल उचलली, चप्पल घातली. जाताना कोणाला सोनं दिलं नाही.

मला वाटलं, झालं, संपलं. तेवढ्यात रुक्मिणीबाई बाजेवरून बोलल्या. "ते ठीक हाय वं कोकिळे. पन मयनाभर पोरीचं नाव काऊन घेऊन राह्यली व्हती? गौरीच्या जेवनाले माह्या बाजूले बसून मलेच सांगितलं ना तू, आमची सून लई शहानी म्हून?"

या गावात मला कोणी एकेरी हाक मारत नाही, हे तुला माहीत आहे. लहानथोर सगळे काकू नाहीतर कोकिळाबाई म्हणतात. मी उभीच होते. कुठे पाहावं कळेना, म्हणून चिवड्याच्या प्लेटकडे पाहत राहिले. "हो, सांगितलं," म्हणाले. सुवर्णाने पाणी आणून दिलं, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही. बाकीच्या बायका एकदम पावसाबद्दल बोलायला लागल्या.

घरी येताना हे पुढे चालत होते. फाटकाशी थांबून म्हणाले, "गावाले सांगनं सोपं व्हतं. व्याह्याले सांगशीन तवा मानतो." गावाला सांगणंही सोपं नव्हतं.

आता जे लिहिणार आहे ते मी ओसरीवर बोलले नाही. ते तुझ्या बाबांनाही सांगणार नाही. ते तुझं माझं आहे.

लोकांना वाटेल, बाई भोळी, नातेवाईक म्हणून फसली. मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. फसणाऱ्याला निदान कोणी दोष देत नाही. पण शिवमकडे जायच्या आधीची गोष्ट आठव. तू तुझा पर्याय शोधून आणला होतास. मुक्त विद्यापीठाची वाणिज्य शाखा. मला स्वयंपाकघरात समजावून सांगत होतीस, चेहरा कसा उजळला होता तुझा. "आई, यात दोन वर्षांनी थांबलं तरी पदविका मिळते. आणि थांबायचं नसेल तर तिसरं वर्ष करता येतं. मग पदवी!"

मी विचारलं, फी किती? तू सांगितलीस. मी म्हटलं, आपल्याला परवडायचं नाही. हे बाहेर हात धूत होते, तिथून म्हणाले, "अवं, टमाट्याच्या एका तोड्यात निंगते ते." त्यांना मी म्हटलं, तुम्ही मध्ये बोलू नका. आणि तुला म्हटलं, "पदवी काय करायची आहे? दोन वर्षं पुरेत तुला."

ते न परवडण्याचं कारण खोटं होतं. शिवमची फी काही फार कमी नव्हती, आणि कमी असती तरी आपल्याला तेवढ्याची ददात नव्हती. दर रविवारी तू वर्गाला मेहकरला जाशील, घरातलं काम अडेल, हे दुसरं कारण मी मनाशी तयार ठेवलं होतं. तू पुढे काही विचारलं नाहीस म्हणून ते वापरावं लागलं नाही. तेही खरं नव्हतं.

मला तिसरं वर्ष नको होतं.

हे लिहून झाल्यावर उठून अंगणात जाऊन आले. तुळशीला पाणी घातलं, सकाळी घातलं होतं तरी. आता पुढचं लिहिते.

या घरात पदवीधर मी एकटी. सासरी आले तेव्हा सासूबाई जाता-येता बोलत, "शिकली म्हून काय झालं, भाकर तं थापाच लागते." नोकरी मला करू दिली नाही. बी.ए.चा उपयोग एवढाच राहिला की लोक अर्ज घेऊन येतात आणि मी चष्मा लावून बसते. तेवढ्यावर मी सगळा संसार ताठ मानेने काढला. दारावर पाटी आहे, तीवरही नावापुढे बी.ए. आहे, ते मीच रंगवून घेतलं. आणि मग तू आलीस, माझ्याहून चटपटीत, मोबाईल हातात, आणि म्हणालीस, मग पदवी. मला दिसलं की उद्या लोक अर्ज घेऊन येतील तेव्हा म्हणतील, काकू राहू द्या, सूनबाईंना दाखवतो.

मी स्वस्त शोधत होते असं सगळ्यांना सांगितलं. मी असं काहीतरी शोधत होते की शिकवलं असं म्हणता यावं आणि तू दोन वर्षांवर थांबावीस. शिवमकडे तिसरं वर्ष नव्हतं. त्याच्याकडचं मला पहिल्यांदा जे आवडलं ते हे. नातं, पेढे, पाया पडणं हे सगळं नंतरचं. तू यादी पुढे केलीस तेव्हा मी चष्मा काढला नाही, कारण यादीत नाव नसेल याची मला भीती वाटत होती. नाव नसतं तर तुझं तिथे जमलं नसतं आणि पुन्हा मुक्त विद्यापीठाचा विषय निघाला असता.

सासूबाई मला भाकरी दाखवत होत्या. मी तुला दोन वर्षं दाखवली. फरक काय, ते मला शोधूनही सापडत नाही.

माफी मागायची तर कशाची, हे तुला स्पष्ट असावं म्हणून एवढं लिहिलं. माफ कर असं मी म्हणत नाही. म्हटलं तर तू लगेच करशील, आणि तेवढ्या स्वस्तात मला ते घ्यायचं नाही.

कामाचं बोलते. ऋत्विकला फोनवर धरून बसवलं आणि परवानगी असलेल्या विद्यापीठांची यादी मी स्वतः वाचली. तो म्हणाला, "आई, एवढी बारीक वाचून राह्यली, काय डोळे फोडते का?" मी म्हटलं, दोन वर्षांपूर्वी वाचायची होती, आता वाचू दे. मुक्त विद्यापीठाच्या प्रवेशाची मुदत अजून आहे, वाढवून मिळाली आहे, पण फार दिवस नाहीत. फी वर्षावर्षाला भरता येते. वर्ग मेहकरला, परीक्षाही तिथेच. दुसरं एक आहे, पूर्ण ऑनलाइन, त्याचं नावही यादीत आहे, पण परीक्षेला अकोल्याला जावं लागतं आणि शिकवणारे हिंदीत बोलतात. तिसरं आहे ते महाग आहे. महाग म्हणते तेव्हा या वेळी खरंच महाग आहे, ऋत्विकला विचार. तू आधीच्या दोन वर्षांचा काही उपयोग होईल का हे विचारशील. होत नाही. तेही मी विचारून घेतलं. पहिल्यापासून सुरू करावं लागेल, आणि ती दोन वर्षं मी तुला परत देऊ शकत नाही.

यातलं कोणतं घ्यायचं ते मी सांगणार नाही. वेगळंच काही घेतलंस तरी चालेल. एकच सांगते, आणि हे सासू म्हणून नाही, कॉलेजात गेलेली बाई म्हणून: दोन वर्षांवर थांबवणारं घेऊ नको. पुढे रस्ता असलेलं घे. जायचं की नाही ते मग तू पाहा.

पण तुझे बाबा कपाट उघडत नाहीत तोवर यातलं काहीच होणार नाही. ते कुलूप माझ्या बोलण्याने लागलं आहे. फोनवर उघडायचा प्रयत्न मी करून पाहिला, तुरीपर्यंत पोहोचले. म्हणून येते.

येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीने निघते, बुलढाण्याला गाडी बदलून दुपारपर्यंत रोहिणखेडला. हे येतो म्हणाले होते, मी नको म्हटलं. यांच्यासमोर मी थोडं सावरून बोलेन आणि मला तसं बोलायचं नाही. तुझ्या आईला आधीच सांगून ठेव. विहीण म्हणून येत नाही. पाय धुवायला पाणी काढू नये, ओटी भरू नये, गोडाचा स्वयंपाक करू नये. तुझ्या बाबांना मात्र काही सांगू नको, नाहीतर ते आदराने मला बोलूच देणार नाहीत. ओसरीवर बसतील तिथे त्यांच्यासमोर उभी राहून सांगेन, की तुमची मुलगी बरोबर होती, मी तिला दाबलं, आणि वर तुमच्याशी खोटं बोलले. तुझे भाऊ, शेजारी, जे कोणी असतील ते असू देत. कोणाला बाहेर काढू नको.

ते मला काय बोलतील ते बोलू दे. तू मध्ये पडू नको. तुझी ती सवय मला माहीत आहे.

त्यानंतर माझ्याबरोबर जानेफळला यायचं की तिथेच राहून शिकायचं, की ऋत्विककडे चाकणला जायचं, हे तू ठरव. संध्याकाळच्या गाडीने एकटीने परतायच्या तयारीने मी निघते आहे. रविवारी तुला कुठेही वर्गाला जायचं असलं तर स्वयंपाक आणि जुड्या मी पाहीन, पण ते तू इकडे असलीस तर. त्याची अट घालत नाही.

तू समोर असावीस असं मला वाटतं. माझ्याकडे पाहवणार नसेल तर आत बैस. आवाज मोठा ठेवेन, आतपर्यंत येईल.

तुझ्यापुढे मान खाली घालून,
कोकिळा